गणित कच्चं, शास्त्रज्ञ पक्का!

लंडनच्या लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे (१७९१-१८६७) कॉलेजची पायरी कधी चढलाच नाही. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला. बांधणीला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा, पण नुसत्या वाचनानं त्याचं समाधान व्हायचं नाही. परवडेल त्या सामानात प्रयोग स्वतः करून बघितला, की मगच पटायचं. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हींची चार व्याख्यानं त्यानं ऐकली, आकृत्यांसह लिहून काढली, स्वतःच बाइंड केली आणि थेट डेव्हींनाच पाठवली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची नोकरी मिळाली!

उच्च गणित मात्र त्याला कधीच जमलं नाही. स्मरणशक्तीवरही भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक प्रयोग वहीत उतरायचा. समीकरणांऐवजी तो चित्रांतून विचार करायचा. चुंबकाभोवतीच्या लोहकिसात त्याला बलरेषा दिसल्या. १८३१ मध्ये तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून त्यानं वीज निर्माण केली. आजचे जनरेटर याच तत्त्वावर चालतात. त्या बलरेषा गणितात बसवल्या त्या मॅक्सवेलनं, नंतर.

तुम्हाला कशानं कळतं? वाचून, लिहून, चित्र काढून की करून? परीक्षेआधी एकदा तपासून बघाच.