सिंगापूरचे सेनापती पर्सिव्हल

सिंगापूरच्या तोफा समुद्राकडेच तोंड करून बसल्या व सेनापती आर्थर पर्सिव्हल आंधळे निघाले, ही दंतकथा आम्हांस अन्यायाची वाटते. १८८७ साली जन्मलेले हे गृहस्थ १९१४ साली साधे शिपाई म्हणून सैन्यात शिरले आणि पराक्रमाने वर चढले. शत्रू मलायात उतरून पाठीमागून सिंगापुरावर येईल, असा अहवाल १९३७ साली जनरल डॉबी यांच्या हाताखाली असताना त्यांनीच लिहिला होता. लंडनने रणगाडे मात्र दिले नाहीत. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य कोटा बारूस उतरले.

येथवर दोष वरिष्ठांचा. परंतु बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तटबंदी करण्याचा मुख्य अभियंत्याचा आग्रह, सैन्याचे व नागरिकांचे धैर्य खचेल म्हणून, पर्सिव्हल यांनी स्वतःच झिडकारला! हे आम्हांस अनाकलनीय आहे. पंधरा इंची तोफांपैकी काही जमिनीकडे वळत होत्या. गोळे मात्र बहुतेक जहाजे भेदणारे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांनी शरणागती पत्करली. हजारो हिंदी शिपाई कैदेत पडले. मलाया-सिंगापूरच्या अशा युद्धकैद्यांतूनच आझाद हिंद सेना उभी राहिली.

पर्सिव्हल साडेतीन वर्षे बंदिवासात होते. १९६६ साली ते निवर्तले. ‘सर’ ही पदवी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.