फेसावर तरलेला धातू

मुलांनो, तेलाचे बोट लावलेल्या ताटावर पाणी शिंपडून पाहा. पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. तेल आणि पाणी यांचे जमत नाही, हे तुम्ही रोज पाहता. याच साध्या गोष्टीचा उपयोग करून एका बाईने दगडातून धातू वेगळा काढण्याची वाट दाखवली. त्यांचे नाव कॅरी एव्हरसन.

कॅरी यांचा जन्म १८४२ साली अमेरिकेतील शॅरन या गावी झाला. शिकागो शहरातील डॉक्टर विल्यम एव्हरसन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. डॉक्टरांनी खाणीच्या धंद्यात पैसे घातले आणि ते बुडाले. तेव्हा कॅरी खनिजांचा अभ्यास करू लागल्या.

खाणीतल्या दगडात धातू थोडा आणि वाळू फार असते. कॅरी यांनी दगडाची पूड केली. तिच्यात तेल, आम्ल आणि पाणी घालून ती घुसळली. तेल खनिजाच्या कणांना चिकटले, वाळूच्या कणांना चिकटले नाही. मग वाळू धुऊन काढणे सोपे झाले. १८८६ साली त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे आपल्या शोधावरचा कायदेशीर हक्क.

पण खाणमालकांनी ही पद्धत स्वीकारली नाही. १८८९ साली डॉक्टर वारले. कॅरी यांनी परिचारिकेचे काम करून संसार चालवला. पेटंटची मुदत १७ वर्षांची होती. १९०३ साली ती संपली. शोधाचा पैसा त्यांना मिळाला नाही.

१९०५ साली लंडनमधील संशोधकांना पुढची पायरी सापडली. त्यांनी तेल अगदी कमी केले. दगडाच्या वजनाच्या शंभराव्या भागाहूनही कमी! मग मिश्रण जोराने घुसळून त्यात हवा मिसळली. हवेच्या बुडबुड्यांना चिकटून खनिज वर आले आणि वाळू तळाशी राहिली. हीच फेनतरण पद्धत. येथे फेस ताब्यात ठेवावा लागतो. फेस लगेच फुटला, तर खनिज पुन्हा खाली पडते. तो फार घट्ट झाला, तर वाळूही वर येते. म्हणून तेल, हवा आणि पूड यांचे प्रमाण सतत सांभाळावे लागते.

ही पद्धत जगभर पसरू लागली, तेव्हा लोकांना कॅरी यांची आठवण झाली. पण १९१४ सालीच कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले होते. पुढे एक गोष्ट पसरली. कॅरी शिक्षिका होत्या आणि खनिजाची पोती धुताना त्यांना योगायोगाने शोध लागला, असे लोक सांगू लागले. ती गोष्ट खरी नाही. त्यांचा शोध अभ्यासातून आणि प्रयोगांतून लागला होता.

आज जगातील बरेचसे तांबे फेसावर तरंगूनच दगडातून वेगळे होते. तुमच्या घरातील विजेच्या तारेतही तांबे असेल. दिवा लावताना कॅरी एव्हरसन यांची आठवण ठेवा.