तक्त्यांचा जनक एडगर कॉड, आणि तक्ते जिथे कमी पडतात ती जागा

एटीएममधून पैसे काढले की शिल्लक लगेच बदलते. अशी माहिती ज्या तक्त्यांत ठेवतात, त्यांची कल्पना एडगर कॉड यांची.

जन्म १९२३, इंग्लंड. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, मग आयबीएममध्ये नोकरी. १९७० मध्ये त्यांनी मांडलं: माहिती तक्त्यांत ठेवा, प्रत्येक गोष्ट एकदाच लिहा, तक्ते एकमेकांना जोडा. आयबीएमचं जुनं उत्पादन जोरात खपत होतं, म्हणून कंपनीने चालढकल केली. १९७९ मध्ये ओरॅकलने बाजी मारली. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण सगळी माहिती तक्त्याला मानवत नाही. नांदेडचं विष्णुपुरी धरण घ्या. आत्ता किती दरवाजे उघडे आहेत, हे तक्ता चटकन सांगतो. पण समजा, शंभर सेन्सर दर सेकंदाला पाणीपातळी नोंदवतात. दिवसाला ८६,४०,००० नोंदी झाल्या! यातली जुनी नोंद कधीच बदलत नाही, नवी फक्त खाली जोडली जाते. तरी डेटाबेस प्रत्येक नोंदीला नियम तपासतो, इंडेक्स बदलतो. तक्ता फुगतो, शोध मंदावतो. म्हणून असे लॉग फक्त शेवटी भर घालणाऱ्या फायलींत ठेवतात.

विश्लेषणाच्या प्रत्येक कामाला रिलेशनल डेटाबेस पुरत नाही, हे १९९३ मध्ये खुद्द कॉड यांनीच मांडलं. २००३ मध्ये ते गेले. बँकेचा हिशोब आजही त्यांच्याच तक्त्यांवर चालतो.