न्हाणीचं पाणी आणि आप्पासाहेबांचं सोनखत

कोकणात न्हाणीचं पाणी वाया घालवायची रीत नाही. ते सरळ माडाच्या नाहीतर केळीच्या आळ्यात जातं, कडेला अळू माजतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण हाच हिशेब संडासाला लावायचा म्हटलं की तोंडं वाकडी होतात. आप्पासाहेब पटवर्धनांचं आयुष्य या वाकड्या तोंडांशी झगडण्यात गेलं.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, जन्म १८९४, रत्नागिरी जिल्हा. ब्राह्मण घर, शिक्षण एम.ए.पर्यंत. पुढं गांधीजींच्या कामात पडले आणि तुरुंगवास ओघानंच आला. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं मैला उचलण्याचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडेच असे. आप्पासाहेबांनी ते स्वतःसाठी मागितलं. बघा, कैदी सुटका मागतो, यांनी झाडू मागितला! तुरुंगवाल्यांनी तो दिला नाही, तेव्हा त्यांनी अन्न तोडलं. ही बातमी येरवड्याला पोचली आणि डिसेंबरात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास केला. मग मात्र सरकारला या नियमाचा विचार करणं भाग पडलं.

पुढं त्यांनी मेलेली गुरंही स्वतः सोलली. त्या काळी ब्राह्मणानं हे करायचं म्हणजे काय, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

१९४८ साली कणकवलीजवळ वागद्याला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथला गोपुरी संडास अगदी साधा. दोन खण. बसून उठलं की वर माती किंवा पालापाचोळा टाकायचा. एक खण भरला की तो बंद, दुसरा चालू. दुसरा भरेतो पहिल्यातलं कुजून खत होतं. डोक्यावरून मैला वाहणाराची गरजच उरत नाही आणि शेताला सोनखत मिळतं. आमच्या मते या दोन गोष्टी त्यांनी एका दोरीत बांधल्या, तेच त्यांचं मोठं काम.

एक ध्यानात ठेवा. अशा खणात पाणी साचलं की कुजण्याऐवजी सडतं आणि घाण सुटते. म्हणून न्हाणीचं पाणी तिकडं वळवू नका, ते आळ्यातच जाऊ द्या. तेही रोजच्या रोज. साठवलंत तर डास होतात. कच्च्या खायच्या भाजीला मात्र ते नको.

आप्पासाहेब १९७१ साली गेले. आश्रम वागद्याला आहे. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी कणकवलीला कामानिमित्त गेल्यावर तेवढी वाट वाकडी करावी.