शहराला पाणी देणारे वजीर : मलिक अंबर

विष्णुपुरीच्या बंधाऱ्याजवळ उभे राहून गोदावरीचे अडवलेले पाणी आपण अनेकदा पाहिले असेल. दूरचे पाणी लोकांच्या दारी नेण्याचे काम मराठवाड्यात चारशे वर्षांपूर्वीही झाले होते. ते करणारे गृहस्थ एकेकाळी गुलाम होते, हे आपल्याला ठाऊक आहे का?

मलिक अंबर यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशांच्या देशात, म्हणजे इथिओपियात झाला. लहानपणीच ते विकले गेले. बगदादच्या एका धन्याने त्यांना लिहिणे, वाचणे व हिशेब शिकवला. दख्खनमध्ये ते निजामशाहीचे पेशवे चंगीजखान यांच्या पदरी आले आणि त्यांच्या निधनानंतर स्वतंत्र झाले. साधे शिपाई म्हणून सुरुवात करून ते निजामशाहीचे वजीर झाले. मोगलांशी त्यांनी पंचवीसेक वर्षे झुंज दिली.

१६१० साली त्यांनी खडकी येथे राजधानी वसवली. नावाप्रमाणेच जागा खडकाळ, पाण्याची वानवा. अंबर यांनी उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत नहरीत गोळा केले व केवळ जमिनीच्या उतारावर ते शहरातील हौदांपर्यंत आणले. हे काम होणे नाही, असे दरबारातील काहींना वाटले होते, असे सांगतात. ती नहर-ए-अंबरी पुढे शतकानुशतके वाहिली.

या शहरात मशिदी होत्या, तसेच मराठा सरदारांच्या नावाने मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा असे पुरेही होते. एकाच नहरीच्या पाण्यावर नाना जातिधर्मांचे लोक जगत. १६१६ साली मोगल फौजेने खडकी उद्ध्वस्त केली, तरी शहर पुन्हा उभे राहिले. जेथे पाणी, तेथे माणूस परततोच.

१६२६ साली अंबर यांचे निधन झाले. खुलताबादला त्यांची कबर आहे. खडकीचे पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. नहरीचा बराच भाग मात्र आपल्याच दुर्लक्षामुळे बुजला आहे.

पालकहो, एका गुलाम मुलाच्या हाती कोणी लेखणी दिली म्हणून एका शहराला पाणी मिळाले. मुलामुलींचे शिक्षण मध्येच तोडू नका. आणि मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होऊन घर, शाळा वा मशीद बांधेल, तेव्हा रस्त्याच्या बाजूला वाटसरूसाठी एक नळ अवश्य ठेवा.