कारखान्यात घडलेला शिक्षक

रांजणगाव (ता. शिरूर) व कुरकुंभ (ता. दौंड) येथील औद्योगिक वसाहतींसाठी कुशल कारागीर घडवायचे, तर शिकविणाऱ्याचा हातही यंत्रावर बसलेला हवा. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांचे चरित्र हेच सांगते. रंगांधळेपणामुळे त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला सोडावी लागली. यांत्रिक रेखाटनाच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले आणि तेथील यंत्रे स्वतः हाताळून शिकले. बढती डावलल्यावर नोकरी सोडून त्यांनी बेळगावात कारखाना काढला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी तो घेईनात. तरी ते डगमगले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे खेड्यातील माणसे प्रत्यक्ष कामातूनच कारागीर झाली.