‘जादुई गोळी’च्या शोधात आयुष्य वेचणारा शास्त्रज्ञ : पॉल एर्लिख

फुप्फुसाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात पोहोचल्याचे निदान झाले, की रुग्णापुढे आणि त्याच्या कुटुंबीयांपुढे आज एक प्रश्न हमखास उभा राहतो. केमोथेरपी घ्यावी की इम्युनोथेरपी? पहिला उपचार रसायनांच्या साहाय्याने कर्करोगाच्या पेशी मारतो, दुसरा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावतो. हे दोन परस्परविरोधी मार्ग आहेत, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या दोन्ही वाटा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकाच शास्त्रज्ञाच्या विचारातून फुटल्या. त्या शास्त्रज्ञाचे नाव पॉल एर्लिख.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी तत्कालीन प्रशियातील सायलेशिया प्रांतात, श्ट्रेलेन या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइपझिग येथे घेतले. परंतु वर्गातील व्याख्यानांपेक्षा रंगांच्या बाटल्यांत त्यांचे मन अधिक रमत असे. जर्मनीत तेव्हा कृत्रिम रंगांचा उद्योग भरभराटीला आला होता. एर्लिख यांचे मावसभाऊ-मामेभावांच्या नात्यातील आप्त कार्ल वायगर्ट हे रोगनिदानशास्त्रज्ञ होते. त्यांच्यामुळे एर्लिख यांना हे रंग सूक्ष्मदर्शकाखाली वापरण्याची गोडी लागली.

एकाच ऊतीवर रंग टाकला असता काही पेशी तो शोषून घेतात, तर शेजारच्याच पेशी कोऱ्या राहतात. असे का व्हावे, या प्रश्नाने त्यांना झपाटले. १८७८ साली लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेला त्यांचा प्रबंधही याच विषयावर होता. रंग जर नेमकी पेशी निवडू शकतो, तर औषधालाही ते जमले पाहिजे, ही त्यांच्या सर्व संशोधनामागची मध्यवर्ती कल्पना होती. रक्तातील निरनिराळ्या पांढऱ्या पेशी रंगांच्या साहाय्याने वेगळ्या ओळखण्याची पद्धतही त्यांनीच घालून दिली.

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. तो जंतू रंगवण्याची अधिक सोपी व खात्रीची रीत एर्लिख यांनी अल्पावधीतच विकसित केली. पुढे त्यांच्याच थुंकीत क्षयाचे जंतू आढळले. हवापालटासाठी ते पत्नी हेडविग यांच्यासह इजिप्तला गेले आणि १८८९ साली बरे होऊन परतले. त्यानंतर कॉख यांच्या संस्थेत त्यांना काम मिळाले.

तेथे एमिल फॉन बेरिंग घटसर्पावरील सीरमचे प्रयोग करीत होते. घटसर्प म्हणजे त्या काळी लहान मुलांचा काळच होता. जनावरांच्या रक्तापासून बनवलेल्या या सीरममध्ये रोगाचे विष निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे असत. मात्र प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी असल्याने एखाद्या मुलाला ते उपयोगी पडे, तर दुसऱ्याला कमी पडे. सीरमची ताकद नेमकी मोजण्याचे प्रमाण एर्लिख यांनी निश्चित केले आणि या उपचाराला भरवशाचे स्वरूप आले. बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर या दोघांच्या संबंधांत मात्र कायमचा दुरावा आला होता.

१८९९ साली एर्लिख फ्रँकफर्ट येथील संस्थेचे प्रमुख झाले. पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट रचना असतात, त्यांत किल्ली कुलपात बसावी तसे विष अडकते आणि अशाच रचना सुट्या होऊन प्रतिपिंडांच्या रूपाने रक्तात येतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यातील तपशील पुढे बदलले, तरी पेशीवरील ग्राही ही कल्पना आजच्या औषधशास्त्राचा पाया ठरली. प्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना एली मेचनिकॉफ यांच्यासह विभागून देण्यात आले.

याच काळात त्यांनी कर्करोगाकडेही लक्ष वळवले होते. उंदरांमध्ये गाठींचे रोपण करून त्या कशा वाढतात आणि काही उंदीर त्यांना दाद का देत नाहीत, याचे प्रयोग त्यांच्या संस्थेत वर्षानुवर्षे चालले. शरीरात बिघडलेल्या पेशी वारंवार निर्माण होत असाव्यात आणि प्रतिकारशक्ती त्यांचा वेळीच बंदोबस्त करीत असावी, अन्यथा कर्करोग कितीतरी अधिक प्रमाणात दिसला असता, असे अनुमान त्यांनी १९०९ साली मांडले. ते सिद्ध करण्याची साधने तेव्हा नव्हती. आजच्या इम्युनोथेरपीचे बीज या अनुमानात होते.

त्यांच्या कार्याचा दुसरा प्रवाह रसायनांचा. रोगजंतूला अचूक गाठणारे आणि रुग्णाला इजा न करणारे औषध त्यांना हवे होते. नेम न चुकणाऱ्या मंतरलेल्या गोळीची जर्मन दंतकथा प्रसिद्ध आहे. त्यावरून या औषधाला त्यांनी जादुई गोळी म्हटले. रसायनांनी रोगावर मारा करण्याच्या या पद्धतीला केमोथेरपी हे नावही त्यांनीच दिले.

१९०६ साली फ्रान्झिस्का श्पायर यांच्या देणगीतून फ्रँकफर्टमध्ये गेऑर्ग श्पायर हाउस ही स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. तेथे आर्सेनिकची शेकडो संयुगे एकामागून एक तपासण्यात आली. त्यातले ६०६ क्रमांकाचे संयुग आधीच्या तपासणीत निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवले गेले होते. १९०९ साली जपानहून आलेले सहकारी साहाचिरो हाता यांनी उपदंश झालेल्या सशांवर ते पुन्हा वापरून पाहिले आणि ते गुणकारी ठरले. १९१० साली ‘साल्वरसान’ या नावाने ते बाजारात आले. त्यापूर्वी सुमारे ६५ हजार मात्रा डॉक्टरांना विनामूल्य पुरवून त्यांचे अनुभव नोंदवून घेण्यात आले.

उपदंशावर तोवर पाऱ्याखेरीज फारसा इलाज नव्हता. साल्वरसानने असंख्य रुग्णांना जीवदान दिले. परंतु ही गोळी पूर्णपणे जादुई नव्हती. हवेच्या संपर्कात औषध बिघडे, ते तयार करणे व टोचणे किचकट होते आणि काही रुग्णांना त्याने गंभीर अपाय झाला, काही दगावलेही. एर्लिख यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १९१२ साली त्यांनी निओसाल्वरसान हे हाताळण्यास सोपे औषध आणले, तरी वाद शमला नाही. १९१४ साली फ्रँकफर्टच्या न्यायालयात गाजलेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांना साक्ष द्यावी लागली. आरोप करणाऱ्याला शिक्षा झाली, मात्र एर्लिख यांची प्रकृती ढासळली होती. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले. पुढे नाझी राजवटीत त्यांच्या नावाच्या रस्त्याचे नावही पुसले गेले आणि हेडविग यांना देश सोडावा लागला.

त्यांच्या दोन्ही कल्पना मात्र टिकल्या. १९४२ साली अमेरिकेतील येल येथे नायट्रोजन मस्टर्ड या रसायनाचा कर्करोगावर प्रथम वापर झाला आणि कर्करोगाच्या केमोथेरपीचे युग सुरू झाले. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर ही औषधे घाव घालतात. त्यात केसांच्या मुळांतील, आतड्यातील आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही सापडतात. दुसरीकडे, प्रतिकारक पेशींना रोखून धरणारे ‘ब्रेक’ उघडकीस आणल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे ब्रेक सैल करणारी औषधेही प्रतिपिंडेच आहेत.

फुप्फुसाच्या कर्करोगात या दोन उपचारांची थेट तुलना झाली आहे. पीडीएल-१ या प्रथिनाचे प्रमाण ५० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या ३०५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होते. केमोथेरपीने सुरुवात केलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. तीव्र दुष्परिणामही इम्युनोथेरपीत कमी आढळले. मात्र मोकाट सुटलेली प्रतिकारशक्ती कधी फुप्फुसे, आतडे वा थायरॉइड ग्रंथीवरही उलटते. शिवाय हे प्रथिन कमी असलेल्या अनेक रुग्णांना दोन्ही उपचार एकत्र दिलेले अधिक लाभतात. ६१६ रुग्णांवरील २०१८ सालच्या चाचणीत एकत्रित उपचारानंतर वर्षभराने ६९ टक्के रुग्ण जिवंत होते, तर केवळ केमोथेरपी घेतलेल्यांपैकी ४९ टक्के. गाठीत ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतील बदल आढळले, तर प्रथम त्यांवरील लक्ष्यवेधी गोळ्यांचा विचार केला जातो. म्हणूनच उपचार ठरवण्यापूर्वी गाठीची तपासणी महत्त्वाची.

इम्युनोथेरपीचा खर्च ही भारतीय कुटुंबांपुढील मोठी अडचण. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगात त्यावर वाट शोधली. तेथे तोंडावाटे घ्यायच्या कमी मात्रेतील औषधांना निव्होलुमॅबच्या दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली गेली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसाच्या कर्करोगाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु कोणत्या रुग्णाला, कोणते औषध आणि नेमके किती, हा प्रश्न मोजून सोडवण्याची शिस्त घटसर्पाच्या सीरमपासून एर्लिख यांनीच वैद्यकाला लावली. सर्वांना लागू पडणारी जादुई गोळी अद्याप सापडलेली नाही. त्यांनी दाखवलेल्या दोन्ही वाटांनी तिचा शोध मात्र चालू आहे.